फोटोसाठी फोडलेलं सील

हॅलो? … हां, मीच. कोर्टाच्या जिन्यात उभी आहे. फौजदारबाई, सकाळपासून होतात कुठं? … मॅडम-मॅडम पुरे. आधी सांग, पाकीट कुणी फोडलं?

… नशेच्या पावडरचं गं! शाळेच्या फाटकाशी ज्याला धरलंस, त्याच्या खिशातलं. दुसरं कुठलं?

… खोटं बोलू नकोस. प्रयोगशाळेनं कळवलंय, लाखेवरचा ठसा पंचनाम्यातल्या ठशाशी जुळत नाही. आणि आरोपीच्या वकिलानं पेपरातला फोटोच काढून दाखवला मला, सरकारी वकिलाला! हसत हसत! टेबलावर पावडर पसरलेली, मागे तुमचे साहेब कमरेवर हात ठेवून, आणि कडेला तू. … हो, हो, छान दिसतेयस. फोटो आला, खटला गेला!

… अगं ऐक ना. ऐक आधी. प्रशिक्षणाच्या वर्गात काय शिकवलं होतं मी? … मोठ्यानं म्हण. … बरोबर. जागेवरच, पंचांसमोर सील करायचं. आणि शिक्का? … पंचाकडे ठेवायला द्यायचा. का? … हां. म्हणजे पोलिसालासुद्धा पाकीट गुपचूप उघडून पुन्हा बंद करता येऊ नये. सगळं येतं की तुला! मग दिलास ना शिक्का त्या औषधाच्या दुकानवाल्या पंचाकडे? … दिलास. शाबास. आणि फोटोनंतर? … ठाण्यातला दुसरा मारला? अगं, साखरेचा डबा आहे का तो? उघडला, लावला!

… साहेब म्हणाले. साहेब म्हणाले! … बंद पाकिटाचा फोटो कुणी छापत नाही, म्हणून? मग मधल्या वेळात आत काय घातलं, काय काढलं, न्यायाधीशांना कोण सांगणार? तो हात झाडून सुटेल आणि परत त्याच फाटकाशी उभा राहील. त्या पावडरीपायी नववीतलं ते पोरगं अजून इस्पितळात आहे, ठाऊक आहे ना? त्याची आई इथं बाकावर बसलीय. तिला काय तोंड दाखवू?

… काय? … परत बोल. … नवा पंचनामा? मागची तारीख टाकून? आणि दुकानदार सही करेल? … ही अक्कल कुणाची? … साहेब शेजारी आहेत? नुसतं हो किंवा नाही म्हण. … वाटलंच.

मग नीट ऐक. खोटा कागद मी पुढं करणार नाही. आरोपी सुटला तर सुटेल. पण उद्या तुला साक्षीला उभी करणार, आणि पहिला प्रश्न हाच विचारणार, सील कुणी फोडलं. … भीती वाटते? वाटू दे. मलाही वाटते. उत्तर मात्र जे घडलं तेच द्यायचं. … अगं, रडू नकोस. रागावलेय मी, टाकलं नाहीये तुला.

… काय म्हणालीस? … मोठ्यानं. त्यांनाही ऐकू दे. … 'साहेबांनी फोडायला लावलं.' हां! उद्याही अस्संच—

हॅलो? … कोण? … अहो साहेब, फोन तिचा आहे, हिसकावता काय? … शांत तुम्ही व्हा! ती आता माझी साक्षीदार आहे. … बदली? करा ना. बदलीच्या गावाहून येईल साक्षीला. … माझी तक्रार? जरूर करा, लेखी करा. आणि उद्या तुम्हीही या. तुमच्या नावाचं समन्स आत्ता, याच पावली मागायला निघालेय मी. … हॅलो? … हॅलो?

ठेवला!