नाव तळाला

अध्यक्षस्थानी असलेले आपले संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या काकू, त्यांचे यजमान, लेक-जावई, आणि चहाची वेळ टळून गेली तरी जागा न सोडलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. काकू समोर बसून घड्याळ बघताहेत, तेव्हा सहावं मिळायचं नाही.

काकूंनी या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं जंतू वाढवले. जावईबापू, घाबरू नका, घरी कधी काही आणलेलं नाही. आम्ही जखमेवर लावायची एक मऊ पट्टी बनवतो. तिनं जंतू मारायचे, खाली नवी कातडी धरू द्यायची आणि काम झालं की आपोआप विरघळून जायचं. आता ती जंतू खरंच मारते का, हे बघायला आधी जंतू नकोत का? आणि काकूंइतके गुटगुटीत जंतू कुणी वाढवू शकत नाही.

नव्या माणसाला काकूंचा पहिला धडा एकच. जंतू वाढवायच्या डिशवर आतल्या नमुन्याचं नाव तळाला लिहायचं, झाकणावर नाही. "झाकण काय, कुठेही बसतं," असं त्या म्हणत. मी नुकतीच डॉक्टरेट घेऊन आले होते. मला कोण शिकवणार?

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या दोन पट्ट्या शर्यतीत होत्या, एकीत जंतू मारणारी चांदी जास्त, दुसरीत कमी. दिसायला जुळ्या. जंतू दोघींनीही मारले. प्रश्न होता, कातडीच्या पेशी कुणाखाली जगतात? जास्त चांदीच्या डिशमध्ये पेशी टवटवीत दिसल्या आणि मी नाचायचीच काय ती बाकी होते. दुसऱ्या दिवशी ती पट्टी रुग्णालयात जाणार होती, हात भाजलेल्या एका आचाऱ्यासाठी.

संध्याकाळी काकू आल्या. म्हणाल्या, "बाई, सकाळी ट्रे माझ्या हातून कलंडला. झाकणं निघाली, ती मीच परत बसवली. तुम्ही नावं तळाला लिहिलीत ना?"

मी झाकणांवर लिहिली होती.

पट्टी थांबली. प्रयोग पुन्हा केला, तर निकाल बरोब्बर उलटा. जास्त चांदीनं जंतूंबरोबर पेशींचाही फडशा पाडला होता. मग कमी चांदीची पट्टी गेली. ते आचारी तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मघाशी सर्वांत जोरात टाळ्या वाजल्या, त्या त्याच हातांच्या.

ट्रे कलंडल्याची आणि पट्टी बदलल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, झाकणांची आणि पुढची कुणी ऐकलेली नाही. ट्रे पाडल्याबद्दल तेव्हाच्या साहेबांनी काकूंना मेमो दिला. त्या कंत्राटी होत्या, त्या मेमोपायी त्यांचं कायम होणं दोन वर्षं लांबलं. झाकणांचं मी कुणाला सांगितलं नाही. काकूंनीही नाही. त्यांनी माझ्या टेबलावर फक्त एक नवा मार्कर आणून ठेवला.

काकू, मला त्याची लाज वाटते. कालच मी साहेबांना सगळं लेखी दिलं आणि त्यांनी तो मेमो तुमच्या फाईलमधून काढून टाकला. उशीर झाला, फार झाला.

आता हे स्मृतिचिन्ह, ही छोटी पेटी. पेटीच्या झाकणावर काही शोधू नका, उलटी करून बघा. तळाला तुमचं नाव आहे. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'ट्रे कलंडला तेव्हा नावं झाकणांवर होती.' सही माझी आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. एकोणीस वर्षं गप्प राहिल्याची माफी मात्र मी काकूंकडेच मागते.