लॉगिन करून येईपर्यंत

साइट बनवणं सोपं असते म्हणता ना, तं ऐका. जठारपेठेतल्या एका डोळ्याच्या दवाखान्यासाठी मी ऑपरेशनचा नंबर लावाची साइट बनवली. पहिला फोन बार्शीटाकळीहून आला, माझ्या मावशीचा. मावसाजींचा मोतीबिंदू काढाचा होता.

"लेका, सारा फॉर्म भरला. बटन दाबलं तं म्हणते आधी लॉगिन कर. केलं. परत आली तं फॉर्म कोरा. तीनदा झालं असं."

म्हणलं, "मावशी, लॉगिन आधीच करून घेत जा ना."

"मंग दारातच सांगाचं. पंगतीत सारं वाढून झाल्यावर म्हणाचं हात धुवून या, अन् येऊन पाहावं तं ताट उचललेलं. कोणाच्या घरची रीत हाय ही?"

मले झोंबलं. दुपारभर खुर्ची सोडली नाही. माणसाले लॉगिनकडं धाडाच्या आधी त्याचा भरलेला फॉर्म जपून ठेवाचा, अन् तो परतला की तसाच पुढं मांडाचा, एवढं जमवूनच उठलो. मावशीले म्हणलं, "आता भर."

पाच मिनिटांत फोन. "ताट जाग्यावर हाय."

मी म्हणलं, "मंग?"

"पाटावर दुसराच बसला. सोमवारचा शेवटचा नंबर निवडला होता, मी लॉगिन करून येईपर्यंत तो कोणीतरी नेला."

"मंगळवारचा घे ना, मावशी."

"घेतला. पण शेजारणीचाही लावाचा हाय. तू तुह्या साइटले पाट राखाले शिकव, तोवर मी फोन ठेवत नाही."

अन् खरंच ठेवला नाही.