परत आणलेले बूट

"फौजी माणूस सगळं वाटून टाकेल, पण आपले बूट नाही कुणाला देणार." शिक्षिकाबाईंच्या लहानपणी त्यांचे वडील बुटांना पॉलिश करता करता असं म्हणायचे. आज दवाखान्याच्या बाकावर बसल्या असताना तोच आवाज त्यांच्या कानात घुमला, कारण शेजारी बसलेल्या दोन निवृत्त सैनिकांच्या मधोमध चकचकीत बुटांचा जोड ठेवलेला होता.

"हे तुझे तू घे," त्यांतला वयाने मोठा म्हणाला.

"दिलेली वस्तू परत घेत नाहीत, उस्ताद."

"मला दोन बोटं मोठे होतात. घालून चाललो की बदकासारखा दिसतो."

"पुढे कागद कोंबा."

"थट्टा पुरे. कुत्रा शेजाऱ्याला दिलास, घड्याळ पुतण्याला. सकाळच्या चहाला येत नाहीस. कुठे निघालायस?"

"कुठे नाही. तुम्ही घरी जा ना."

"पहारा बदलल्याशिवाय मी जागा सोडलीय कधी?"

"ती नोकरी संपली."

"तुझी संपली असेल. आपली चहाची टोळी बाहेर पायरीवर बसलीय, हलत नाही म्हणते. आत जाऊन डॉक्टरीणबाईंशी बोल. नाहीतर उद्यापासून चहा तुझ्या अंगणात."

"आणि साखर माझी?"

"साखर तुझी, भांडीही तूच घासायची."

दार उघडलं. परिचारिकेने विचारलं, "पुढचं कोण?"

बुटांचा धनी खाली वाकला. त्याने पाय बुटांत घातले, नाड्या करकचून आवळल्या.

"चला उस्ताद, आत चला."

"तुला जड जात असेल तर मी सांगतो त्यांना."

"तुम्ही मधे एक शब्द बोलायचा नाही. मला जगणं नकोसं झालंय, हे मी माझ्या तोंडाने सांगणार."