वीतभर जास्तीची उडी

आमचं गाव जयसिंगपूरच्या अंगाचं, पावणं. अप्पांचं कापडाचं दुकान, अव्वा, म्हंजे आमची आई, घरात कन्नड बोलायची, आम्ही पोरं बाहेर मराठी. मी थोरली. दुकानात तागे रचायचं सोडून वढ्यावरनं उड्या मारत हिंडायची. शाळेतल्या बाईंनी ते बघितलं, कोल्हापूरला मैदानावर नेलं, आणि मग काय सांगू तुम्हाला, नव्वदनंतरची चार-पाच वर्सं लांब उडीत राज्यात माझ्यापुढं कोण न्हवतं.

विक्रम केला तवा गावानं ट्रॅक्टरवरनं मिरवलं, फेटा बांधला, हलगी लावली. सरपंच म्हणाले, पोरीची उडी शाळेच्या मैदानात कायमची आखू. मापणार कोण? अप्पाच की, लोखंडी मीटर त्यांच्याकडंच. फळीपासनं मापत मापत गेले आणि शेवटाला, गिऱ्हाइकाला कापड देताना सोडायचे तशी, हाताच्या सवयीनं वर एक वीत सोडली. तिथंच सिमेंट घालून पांढरा पट्टा मारला. मी बघितलं की. पण अप्पांचे डोळे भरल्याले, तिथं कुठं तोंड उघडू?

तवापासनं ती वीत माझ्या मानगुटीवर बसली बघा. पुढं गुडघा गेला, खेळ सुटला, लग्न होऊन कसबा बावड्यात आले, तरी जत्रंला गेलं की लोक पावण्यांना धरून न्यायचे, ही बघा आमच्या पोरीची उडी. कुणाच्या बारशाला गेले तरी तेच. मी हसायची आणि आतनं लाज. कागदावरचा आकडा गावात कोण बघतंय, पट्टा समोर हाय न्हवं? पोरी उड्या मारून दमायच्या, म्हणायच्या, आक्का, तुमचं कायतरी येगळंच.

त्यातली माझ्या चुलतभावाची सुमी लई हट्टी. पाच वर्सं त्या पट्ट्यामागं लागली. खरं सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं, पण सांगितलं न्हाय, तिथं माझंच चुकलं. एक डाव राज्याच्या स्पर्धेला तिला घेऊन गेलते. तिनं उडी मारली, पंचांनी टेप लावली, आणि माझा विक्रम मोडला, वीतभरानं! सुमी पळत आली, म्हणाली, आक्का, मी तर पट्ट्याएवढीच मारली, मग मोडला कसा वो? तिथंच वाळूत बसून तिला सगळं सांगितलं. रुसंल म्हटलं, तर पोरगी पोट धरून हसाय लागली. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला.

मग अप्पांना सांगितलं. कानानं कमी झाल्यात आता, दोनदा सांगाय लागलं. तर म्हणाले, जास्तच दिली न्हवं? माप तर मारलं न्हाय की.

भलं होऊ दे पोरीचं. औंदा जत्रंला पट्टा नव्यानं रंगवला, माझं नाव पुसून सुमीचं घातलं, ब्रश मीच धरला. पट्टा मात्र हलवाय लागला न्हाय.