थंडीचे टायर आणि एक कॉलम

अरे, माझ्या लाल स्पोर्ट्स कारला थंडीचे टायर कसे घेतले, ते सांगितलंच नाही का तुला? मेलबर्नचं लॉकडाऊन उठलं आणि माझी बायको नेहा म्हणाली, "डोंगरावर बर्फ पडलाय, या वीकेंडला जाऊया!"

म्हटलं, "साध्या टायरवर ही गाडी घसरेल गं. आधी टायर!"

आता मी पडलो सॉफ्टवेअर टेस्टर. तीन आठवडे एक्सेल भरत बसलो. थंडीत कुठलं रबर मऊ राहतं, ओल्या रस्त्यावर कुठल्या टायरला ब्रेक पटकन लागतो, सगळं. बायको रोज विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "एकच कॉलम राहिलाय!"

शेवटी बसले एकदाचे टायर! काय दिसत होती गाडी! नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि ती चिरडत ड्राइव्हवेमधून निघालो, तोच नेहाच्या फोनवर बातमी आली. परत लॉकडाऊन! घरापासून पाच किलोमीटर, तेही फक्त किराण्याला.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. नेहा उतरून घरात गेली, पिशवी घेऊन आली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली.

"बर्फच बघायचाय ना? जा, फ्रोझन मटार घेऊन ये."