तळघरातले दोन नळ

कुसुम : नळ बंद असेल. उलटा फिरवून बघा ना.

क्षितिज : आई, हा फ्रीझरवरचा नळ फिरवायचा नाही, पुढं ओढायचा आहे. ओढलाय. काहीच येत नाहीये.

कुसुम : आणि दुसरा?

क्षितिज : तोही तसाच. बुधवारी सकाळी बघितलं तेव्हा मस्त येत होतं.

कुसुम : काय येत होतं?

क्षितिज : ते... आपलं, लिंबू-सोडा.

कुसुम : आमची अपूर्वा तर म्हणाली, आतली पिंपं अजून रिकामी आहेत.

क्षितिज : होती रिकामी. म्हणजे, नंतर भरली.

कुसुम : घाम कशानं आला तुम्हाला, क्षितिजराव? मी काही परीक्षा घेत नाहीये. घेवडा मोडत बसलेय.

क्षितिज : पण इथं खाली केलरमध्ये, तळघरात कशाला, आई? गारठा आहे.

कुसुम : वर अपूर्वाची मीटिंग. चमचा वाजला तरी हात दाखवते मला, वाहतुकीच्या पोलिसासारखा. त्यापेक्षा इथं बरं. तुमचं सुतारकामही बघता येतं. ही झाकणाखालची लाकडी चौकट तुम्हीच बसवलीत ना?

क्षितिज : गेनाऊ. म्हणजे हो. फ्रीझरच्या भिंतीत गारव्याच्या नळ्या असतात, तिथं भोक पाडलं तर सगळा फ्रीझरच गेला. म्हणून झाकण काढून मध्ये लाकूड घातलं आणि नळ त्या लाकडात बसवले. तीन महिने लागले. एका रविवारी ड्रिल चालवलं तर खालच्या मजल्यावरच्या लिंडनर साहेबांनी दारावर चिठ्ठी लावली.

कुसुम : काय लिहिलं होतं?

क्षितिज : ‘आज रविवार आहे.’ बास, तेवढंच. रविवारी इथं आवाज करायचा नसतो. थांबा, झाकण उघडून बघतो... हे काय?

कुसुम : काय?

क्षितिज : बर्फ. सगळीकडं बर्फ. आणि ही पिशवी कसली? आणि ही?

कुसुम : ती अळूवडीची. उकडलेले उंडे आहेत, कापायचे आणि तळायचे. त्याखाली ओलं खोबरं. डब्यात पुरण आहे, तो डबा सरळ ठेवा.

क्षितिज : हे इथं ठेवलंत तुम्ही?

कुसुम : येत्या मंगळवारी माझं परतीचं विमान. नंतर ही काय खाणार, ब्रेड? वरच्या फ्रिजचा बर्फाचा खण एवढासा, त्यात तुमचे मटार. इथं ही एवढी मोठी पेटी, दोन पिंपं सोडली तर मोकळी. म्हटलं जागा कशाला वाया घालवायची.

क्षितिज : पण बर्फ होऊच शकत नाही. हा साधा फ्रीझर राहिला नाही आता. मी त्याला कंट्रोलर लावलाय. पाच अंशांपर्यंत गार झालं की तो वीज तोडतो. तो इथंच तर... कंट्रोलर कुठं गेला?

कुसुम : लाल आकड्यांचा डबा ना? तो त्या फळीवर आहे. फडक्यात गुंडाळून ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून.

क्षितिज : का पण?

कुसुम : गेल्या मंगळवारी खोबरं ठेवलं. बुधवारी दुपारी येऊन बघते तर नुसतं गार. असला कसला फ्रीझर? मग लक्षात आलं, वायर सरळ भिंतीत न जाता त्या डब्यातून जातेय, आणि डब्यावर सारखा पाच. मला वाटलं, वीज वाचवायची तुमची काहीतरी युक्ती असेल. काढला आणि वायर सरळ भिंतीत लावली. संध्याकाळपर्यंत खोबरं दगडासारखं.

क्षितिज : बुधवार दुपारपासून. म्हणजे दोन दिवस.

कुसुम : अहो, लिंबू-सोडाच गोठला ना? एवढं तोंड पाडायला काय झालं? चार लिंबं पिळा परत.

क्षितिज : आई, लिंबू-सोडा नाहीये तो.

कुसुम : मग?

क्षितिज : बिअर आहे. अडतीस लिटर. मी केलेली.

कुसुम : तरीच. लिंबू-सोड्यापायी महिना महिना तळघरात कशाला बसावं लागतं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

अपूर्वा : संपली मीटिंग. आल्झो, तर जेवायचं काय... काय झालं? क्षितिज, असा का बसलायस?

क्षितिज : गोठली. दोन्ही.

अपूर्वा : काय? कशी?

कुसुम : माझ्यामुळं. आणि तुझ्यामुळं. पिंपं रिकामी आहेत म्हणाली होतीस ना मला?

अपूर्वा : अगं, तुला काय सांगणार होते? जावई तळघरात दारू गाळतोय म्हणून? बाबांनी कधी सुपारी खाल्ली नाही. तुला वाईट वाटलं असतं.

कुसुम : म्हणून मी अडतीस लिटरांचा दगड करून बसले. खरं सांगितलं असतंत तर मी त्या वायरीला हात लावला असता का? आणि वाईट कसलं वाटायचंय. माझ्या वडिलांचा सोड्याचा कारखाना होता, कराडला.

क्षितिज : सोड्याचा? हे मला माहीत नव्हतं.

कुसुम : कारखाना म्हणजे काय, मागच्या पडवीत एक यंत्र, गॅसची टाकी आणि आम्ही चार भावंडं. गोटीच्या बाटल्या. रविवारी मी आणि थोरला भाऊ घरोघर क्रेट पोचवायचो. वकिलांकडं सहा, डॉक्टरांकडं सहा, हेडमास्तरांकडं मागच्या दारानं चार. सगळे पोटासाठी म्हणून घ्यायचे. अख्ख्या गावाची पोटं रविवारी संध्याकाळी बिघडायची. तेव्हा तुमचा तो लिंबू-सोडा मला नवा नाही.

अपूर्वा : हे मलासुद्धा कधी सांगितलं नाहीस.

कुसुम : तू कधी विचारलंस? बरं, आता या पिंपांचं काय करायचं?

अपूर्वा : करायचं काय, उद्याचं रद्द. मी बिल्डिंगच्या हाउसग्रुपवर टाकते, मशीन बिघडलं म्हणून.

क्षितिज : नको टाकूस.

अपूर्वा : मग त्यांना काय बर्फ चोखायला देणार आहेस?

कुसुम : उद्या कोण येणार आहे?

अपूर्वा : बिल्डिंगमधले सगळे. अकरा जण. चार वाजता मागच्या अंगणात.

कुसुम : मग परत कधीतरी बोलवा.

क्षितिज : नऊ वर्षं झाली, आई. नऊ वर्षं या जिन्यात गुटन टाग, म्हणजे नमस्कार म्हणतोय आणि तेही गुटन टाग म्हणतात. त्यापुढं एक शब्द नाही. घर घेतलं तेव्हा पेढे वाटले, तर डबे धुऊन दाराशी ठेवून गेले. वाईट नाहीत माणसं. पण आपल्या घरात कुणी येऊन बसलंय, असं एकदाही झालेलं नाही. आता पहिल्यांदा सगळे हो म्हणालेत. लिंडनर साहेबसुद्धा. पस्तीस वर्षं ब्रुअरीत होते, बिअरच्या कारखान्यात. मी घरी बिअर करतो म्हटल्यावर ते ‘आहा’ म्हणाले. उद्या रद्द केलं तर परत कोण हो म्हणणार?

अपूर्वा : ‘आहा’ म्हणजे काही फार मोठं नाही हं, आई.

क्षितिज : त्यांच्यासाठी मोठं आहे.

कुसुम : पिंप हलवा जरा. थांबा, मला कान लावू दे. हं. आता दुसरं.

अपूर्वा : काय ऐकतेयस?

कुसुम : पूर्ण गोठलेलं नाही. मधे अजून डचमळतंय. क्षितिजराव, हातात काय घेतलंत?

क्षितिज : फळीवरचा जुना हेअर ड्रायर. गरम हवेनं...

कुसुम : ठेवा खाली. आत गॅस आहे ना? बर्फ व्हायला लागला की गॅसला जागा उरत नाही, तो दाटून बसतो. त्यात वरून शेकताय. आधी गॅस सोडा, हळू. वरची ती कडी थोडी थोडी ओढा. आवाज आला पाहिजे, पण फुत्कार नको.

क्षितिज : पण मग फेस कुठून येणार?

कुसुम : गॅस परत भरता येतो. डोळा परत बसवता येत नाही. आमचा गडी तुकाराम एका डोळ्यानं का बघायचा, ते वेगळं सांगते तुम्हाला.

क्षितिज : ...सोडतोय. ऐकू येतंय?

कुसुम : असंच. आता ही उभी बुडतील एवढ्या पाण्यात ठेवायची. साध्या नळाच्या पाण्यात, गरम नाही. अर्ध्या अर्ध्या तासानं पाणी बदलायचं आणि पिंप फिरवायचं. संध्याकाळपर्यंत सुटेल.

अपूर्वा : एवढं पाणी कशात? आपल्याकडं नुसता शॉवर आहे. बादलीत तर पिंपाचे पायच भिजतील.

कुसुम : बिल्डिंगमध्ये टब कुणाकडं आहे?

अपूर्वा : लिंडनरांकडं. परवा जिन्यात कुणाला तरी सांगत होते, गुडघ्यांमुळं टब काढून शॉवर बसवायचाय म्हणून.

क्षितिज : शक्य नाही. पस्तीस वर्षं ब्रुअरीत घालवलेल्या माणसाच्या दारात जाऊन सांगू, की माझी बिअर माझ्या सासूबाईंनी गोठवली, तुमचा टब द्या?

कुसुम : असंच सांगायचं.

क्षितिज : आणि ते ‘आहा’ म्हणाले तर?

कुसुम : तर टब मिळणार नाही. आत्ता तरी कुठं मिळालाय? चला, मी येते बरोबर. म्हातारी पुढं असली की लोक दार लावत नाहीत.

(तासाभरानं, वर स्वयंपाकघरात. कुसुम एकटीच परत आली आहे.)

अपूर्वा : झालं काय? क्षितिज कुठं आहे?

कुसुम : बसलेत खाली टबाच्या काठावर. लिंडनर साहेब फार सज्जन माणूस गं. दार उघडलं, मी नमस्कार केला, त्यांनी पण हात जोडले. मग मी सगळं समजावून सांगितलं.

अपूर्वा : कुठल्या भाषेत?

कुसुम : मराठीत. आणि हातानं. डबा काढला, वायर लावली, खोबरं ठेवलं. खोबरं दाखवताना जरा वेळ गेला. मग क्षितिजरावांनी पिंप दाखवलं. ते वळून सरळ आत गेले. मला वाटलं चिडले. मग टबातले वाळत घातलेले मोजे एकेक करून काढले, घड्या घातल्या आणि नळ सोडला. ते आणि क्षितिजराव काय बोलत होते ते मला नाही कळलं. पण बराच वेळ बोलत होते.

क्षितिज : आई, टॉवेल न्यायला आलोय. अजून दोन हवेत.

अपूर्वा : काय म्हणाले ते?

क्षितिज : सुटायला लागलंय. चाळीस टक्के तरी. गॅस आधी सोडला हे ऐकून विचारलं, कुणी सांगितलं? मी म्हटलं, सासूबाईंनी. कराडची सोडा-फॅक्टरी, सगळं सांगितलं.

कुसुम : आणि गोठवलं कुणी, ते?

क्षितिज : मी म्हणालो, माझी चूक. तर ते म्हणाले, नाही, तुझ्या सासूबाईंनी आत्ता हातानं वेगळं सांगितलं.

अपूर्वा : मग?

क्षितिज : मग त्यांनी सांगितलं, ब्रुअरीत दुसऱ्याच वर्षी त्यांनी एक अख्खी टाकी गोठवली होती. व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला. यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं, आणि यंत्र दुरुस्तीला गेलं, काही बिघाड नसताना. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं म्हणे. ती गेली चार वर्षांपूर्वी.

कुसुम : एकटेच असतात होय?

क्षितिज : हो. मला तेही माहीत नव्हतं.

कुसुम : टॉवेल त्या कपाटात आहेत. निळे घ्या, पांढरे नकोत.

क्षितिज : आणखी एक विचारलंय त्यांनी. पाणी बदलायला अजून अर्धा तास आहे. उद्या चारलाच यायचं, की आधी आलं तरी चालेल?

अपूर्वा : आधी म्हणजे? तीनला?

क्षितिज : आत्ता. जिन्यात उभे आहेत.

कुसुम : अहो, मग त्यांना जिन्यात कशाला उभं केलंत?