आम्ही, तुम्ही, आपण

नवरा – थांब. परत तेच.

ती – कुठे?

नवरा – "आम्ही तुम्हाला सामावून घेऊ." अगं, नव्या सुनेला सासू ऐकवते तसं वाटतं.

ती – अध्यक्षांनीही तेच सांगितलं. मोबाइल कंपन्या दोन होत्या, त्यांची आता एक झाली. व्यासपीठावर आम्ही-तुम्ही नको, "आपण" म्हण.

नवरा – मग म्हण की. साधा शब्द आहे.

ती – तू इस्त्रीकडे बघ. बाही जाळशील.

नवरा – बाहीची काळजी नको. समोर सभागृह भरलंय असं समज आणि बोल.

ती – भरलंय. निम्मे आपले, निम्मे त्यांचे.

नवरा – बघ.

ती – बरं. निम्मे जुने, निम्मे नवे. "मित्रहो, आजपासून आपण..."

नवरा – हं, पुढे?

ती – होत नाही रे. दमले मी.

नवरा – पंधरा वर्षं त्यातली एक कंपनी चालवलीस. जेवताना फोन, झोपताना फोन. समोरच्यांची गिऱ्हाइकं पळवलीस. आता तीच माणसं तुझ्या हाताखाली आली, तर एवढ्याशा शब्दापाशी घोडं अडावं?

ती – एकाच गच्चीवर दोन टॉवर कशाला ठेवतील कोणी? एक उतरवणार. त्याच्याबरोबर तो सांभाळणारी माणसंही. तिघांतला एक घरी जाणार. नावं ठरायचीत, आकडा ठरलाय.

नवरा – त्यांना ठाऊक आहे हे?

ती – कुणकुण असेल. टाळ्या वाजवतील आणि मनात म्हणतील, मी नसेन, शेजारचा असेल. त्यांना मी कुठल्या तोंडानं "आपण" म्हणू?

नवरा – मग सोड नोकरी. राहायचं का, असं विचारलंच आहे ना तुला? नाही म्हणून सांग.

ती – विचारलंय कसलं. भाषण नीट झालं तर मी, नाहीतर त्यांच्याकडचा साहेब तयारच आहे. त्याच्या जिभेवर साखर असते. तो सफाईनं म्हणेल.

नवरा – म्हणू दे. तुझं काय जातं?

ती – काय जातं म्हणजे?

नवरा – खुर्ची हवीय तुला. सरळ म्हण की. घरात दुसरं कोण आहे ऐकायला?

ती – हवीय. हे सगळं कळत असूनही हवीय, आणि त्याचीच लाज वाटते. उद्या सकाळी उठून आवरायचं कशासाठी, हे मला सुचणार नाही रे.

नवरा – मग राहा. पण जे आहे ते सांगून राहा.

ती – व्यासपीठावरून?

नवरा – हो. तिघांतला एक जाणार म्हणून सांग. शिव्या घालतील. घालू देत. निदान तुझी जीभ अडखळणार नाही.

ती – आधी अध्यक्षांच्या कानावर घालायला हवं.

नवरा – घाल. हा घे फोन.

(ती फोन घेऊन गॅलरीत जाते. परत येते तोवर शर्टाची घडी झालेली असते.)

नवरा – लवकर आटपलं.

ती – सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मध्ये एकदाही तोडलं नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.

नवरा – चिडले?

ती – चिडले असते तर बरं झालं असतं. एरवी मला अगं-तुगं करतात, चारचौघांतसुद्धा. आज आवाज अगदी मऊ होता. "तुझं बरोबर आहे" म्हणाले नाहीत, "तुझं चूक आहे" म्हणाले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "आता आपण विश्रांती घ्यावी."

नवरा – म्हणजे? तेही चाललेत?

ती – नाही रे. त्यातलं "आपण" म्हणजे मी एकटी.